सर्व्हिसिंगवर धुलाई फुकट

"कायनं घासली म्हन्तं?" ड्रायव्हर देवीदासनं विचारलं.

"राखेनं," गाड्या धुणारा शालिकराम म्हणाला. "बारदान वलं केलं, राख घेतली अन् घासली. दसऱ्याच्या पूजेचं तेल-कुंकू बसलं होतं बॉनेटवर, पान्यानं निंगतच नव्हतं. घरी पितळेचे भांडे असेच लख्ख करतो आमी. पाह्य ना."

देवीदासनं पाहिलं. अकोल्याच्या त्या मोटार एजन्सीच्या आवारात वकीलसाहेबांची काळी मोटार सकाळच्या उन्हात उभी होती. कुंकवाचं स्वस्तिक गेलं होतं, आणि त्याच्यासोबत बॉनेटचा सगळा तुकतुकीतपणाही. काचेपासून नाकापर्यंत पांढरट ओरखडे उठले होते, गोल गोल, एकात एक. माणसानं घासावं तरी किती.

"घाबरून काहून राह्यला?" शालिकराम म्हणाला. "सर्व्हिसिंगवर धुलाई फुकट हाय."

आता या माणसाला काय सांगायचं? चूक देवीदासचीच होती. अमरावतीहून निघताना मोरोपंत वकिलांनी बजावलं होतं, इंजिन बघू दे, तेल बदलू दे, पण गाडीच्या अंगाला कोणाचा हात लागता कामा नये. हे एजन्सीत सांगायचं देवीदास साफ विसरला आणि रात्री बहिणीकडे जाऊन गाढ झोपला.

परतीच्या वाटेवर त्याच्या जिवात जीव नव्हता. नंबर लावून तीन वर्षांनी मिळालेली गाडी. साहेब तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया करायचे. आधीचा ड्रायव्हर रामराव, मडगार्डावर बोटभर चरा पडला म्हणून त्याच दिवशी घरी बसला होता, आणि हा तर सबंध बॉनेटचा सत्यानाश. देवीदासच्या घरी आजारी आई आणि तीन लेकरं. मूर्तिजापूरला त्यानं खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि बॉनेटला चोपडली. ओरखडे गायब झाले. पाच मैलांत त्या तेलावर सगळ्या रस्त्याची धूळ येऊन बसली. ती पुसली तसे ओरखडे पुन्हा वर आले, आधीपेक्षा ठसठशीत.

बंगल्यात गाडी शिरली तेव्हा साहेब पायऱ्यांवरच उभे होते. मोझरीला जायचं ठरलं होतं. आत त्यांच्या पत्नी रमाबाई नातवंडांची तयारी करत होत्या. घरची मंडळी गाडीत असली की गाडी साहेबच चालवायचे, देवीदासनं बाजूला बसायचं, हा घरचा रिवाज होता.

साहेब खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी घातली आणि नेमके बॉनेटपाशी थांबले. वाकले. देवीदासनं किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली की तिचे दाते तळहातात रुतले.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "आरशासारखी केली आहेस. एक डाग नाही."

साहेबांची ही रीत देवीदासला माहीत होती. कोर्टात साक्षीदाराला आधी असंच गोंजारायचे, आणि मग एका प्रश्नात उभा चिरायचे. तो त्या प्रश्नाची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला.

प्रश्न आलाच नाही. साहेबांनी बॉनेटवरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाले, "आणि स्वस्तिक तेवढं राहू दिलंस, हे फार बरं केलंस. रमाच्या हातचं आहे."

देवीदासनं चमकून बॉनेटकडे पाहिलं. मग साहेबांच्या चष्म्याकडे.

वाचलो, हेच त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. खोटं कशाला सांगा, देवाचे आभारही मानून झाले. तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला. "किल्ली आण."

मग मात्र त्याला खरी धडकी भरली. गेल्या महिन्यात बडनेऱ्याच्या फाटकापाशी गाडी एका बैलगाडीला घासता घासता राहिली होती. बैल आडवा आला, असं साहेब म्हणाले होते. बैल जागचा हलला नव्हता. आणि मोझरीची वाट म्हणजे नागपूरचा रस्ता, दिवसभर ट्रक धावणारा, त्यात हे जिनिंग कारखान्यात कापूस नेणाऱ्या गाड्यांचे दिवस. मागच्या सीटवर दोन लहान पोरं बसणार होती.

गप्प राहिलं तर नोकरी शाबूत होती. नुसती किल्ली द्यायची, बस.

"किल्ली नाई देत मी, साहेब."

"काय म्हणालास?"

"बॉनेटची पार वाट लागली हाय," देवीदास म्हणाला. "धुनाऱ्यानं राखेनं घासलं. सांगाचं मीच विसरलो. स्वस्तिक तर कवाच गेलं, साहेब. तुमाले दिसलं नाई."

शेवटचे शब्द त्यानं कसेबसे काढले आणि आता साहेबांचा आवाज चढेल म्हणून अंग चोरून घेतलं. आवाज चढला नाही. त्यानं भीत भीत वर पाहिलं. साहेबांचा पुढे केलेला हात तसाच होता. आत रमाबाई पोरांना चपला घालायला सांगत होत्या.

साहेबांनी चाचपडत देवीदासचा खांदा शोधला. मग सगळं कोर्ट भरून टाकणाऱ्या त्या आवाजात, पण अगदी हळू म्हणाले, "मंडळी बाहेर यायच्या आत मला पलीकडच्या दारानं नेऊन बाजूच्या सीटवर बसव."