घरची परीक्षा
विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या लेकीचं प्रत्येक पोस्टर आधी घरच्या परीक्षेला बसायचं. ती ते भिंतीवर लावायची आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून वाचायची. तिथून वाचता आलं, की पास. आज शेवटचं पोस्टर होतं. मग लेक नोकरीसाठी परगावी जाणार होती. "चला, परीक्षक बाई!" तिने बोलावलं. आईने दारात येऊन डोळे बारीक केले आणि ठणकावून वाचलं, "रस्ता सगळ्यांचा आहे." लेकीने चमकून पोस्टरकडे पाहिलं. आठवडाभर ती तेच वाक्य घरात घोकत होती, पण सरांनी काल बदलायला लावलं होतं. भिंतीवर वीतभर अक्षरांत होतं, "आधी थांबा." "अक्षरं कशी ठसठशीत आलीत! पास ना?" आई म्हणाली आणि भिंत चाचपत पुढे आली. "पास, आई," म्हणत लेकीने तिच्या वाटेतलं स्टूल अलगद उचललं.