जंतुनाशकातली मेथी

समिधाचा थोरला मुलगा जंतुसंसर्गानं गेला, तेव्हापासून ती धाकट्या सानवीला इंद्रलोक सोसायटीतल्या फ्लॅटबाहेर खेळायला सोडत नव्हती. लेकीनं कुंडीत मेथी लावायची म्हटलं, तर हिनं आधी दाणे जंतुनाशकात भिजवले. रोपं आली ती पिवळी, मरतुकडी.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी नणंद संघप्रिया म्हणाली, "वहिनी, झाडांच्या आतसुद्धा चांगले जिवाणू राहतात गं. त्यांच्यामुळे मुळं जोर धरतात, रोप वाढतं. तू बहुतेक तेपण मारलेस."

समिधानं वळून पाहिलं. सानवी खिडकीशी उभी राहून खाली मातीत खेळणारी पोरं बघत होती.

"जा," समिधा कसंबसं म्हणाली.

सानवी धूम पळाली. समिधानं दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. आपणच मागे धावत जाऊन तिला परत आणू नये म्हणून.