काढलेला प्लग

भावाच्या घरची सोलरची पेटी परत न्यायला धाकटा आला होता. वहिनी आता ती ठेवून तरी काय करणार, म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

त्याचा धंदाच तो. गॅलरीत पॅनेल बांधायचं, इन्व्हर्टरची पेटी भिंतीला ठोकायची आणि तिचा प्लग घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचायचा. उन्हाची वीज घरात. प्लग काढला की पेटीने त्याच क्षणी गप्प बसायला हवं. ही बसली नाही, असं वहिनीचं म्हणणं. नवऱ्याने झाडलोट करताना प्लग काढला, पिनांना बोट लागलं आणि तो जागीच गेला. धाकट्याने मात्र नात्यागोत्यात पसरवलं, की दादा वेंधळाच, ओल्या हाताने सॉकेटशी खेळला. मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडलं. सासूबाईंनीही त्याचीच री ओढली. सुनेशी त्या कामापुरतंच बोलत.

बाहेर रणरणतं ऊन होतं. त्याच निमित्ताने वहिनीने गॅलरीचं दार लावून घेतलं होतं. तिने भिंतीतला प्लग उपटला आणि पिना दिरासमोर धरल्या.

"भाऊजी, प्लग काढला की पेटी बंद पडते ना? मग हात लावून दाखवा, आणि खुशाल घेऊन जा."

तो हसला. हा काय पोरखेळ, म्हणाला आणि आईकडे वळला.

"लाव की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हिचं तोंड एकदाचं बंद कर."

त्याने हात पुढे केला. बोटं पिनांजवळ पोचली आणि त्याने ती झटकन मागे घेतली. वहिनीला ते बघून आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"घाबरतोस कशाला? लाव," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

तो मटकन खाली बसला आणि भडाभडा बोलत सुटला. या मालात आपोआप बंद पडायची सोयच नव्हती. स्वस्त मिळाला म्हणून उचलला. दादाकडे बसवला तेव्हाही ठाऊक होतं.

आईच्या कानावर हे त्याच्याच तोंडून जायला हवं होतं. वहिनी कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

"उठा भाऊजी. जीव घ्यायला मी काही तुमच्यासारखी नाही. पॅनेलवर सकाळीच जाड ब्लँकेट टाकून ठेवलंय. यात वीजच नाही, हे बघा."

तिने बोट पिनांकडे नेलं. सासूबाईंनी झपकन तिचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस, सूनबाई. ब्लँकेट मी काढलंय."