चोळलेले तळवे

हॉस्पिटलातल्या नर्सच्या मुलाखतीहून परतलेल्या रूथने चहा टाकला. "नोकरीत मध्ये खंड पडलाय म्हणे. तिथल्या यंत्राच्या हातांना शुश्रूषा शिकवायला आम्हा जुन्या सिस्टरांचे हात चालले, नोकरीला चालत नाहीत."

"मग बस की घरी आता," तिची मुलगी मार्था मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रूथ कोसळली.

वॉर्डात यंत्राचे दोन रबरी हात तिची शुश्रूषा करत होते. तिला स्पर्श करण्याआधी ते तळवे एकमेकांवर चोळत. रबर गार नव्हतं, तरीही. रोग्याला गार हात लागू नये म्हणून रूथ नेहमी असंच करायची.

संध्याकाळी रूथ गेली. त्या हातांनी तळवे चोळले आणि तिचे डोळे मिटले. मार्थाने ते हात घट्ट धरले.

"आई, माझ्या आजारपणात तू नोकरी सोडलीस, म्हणून मी वाचले."