मुशीची पिल्लं

"बाळंतिणीला मुशी आणलीय. दूध बघ कसं उतरेल!" म्हणत कोळीण दारात टोपली घेऊन बसली. सासूबाईंनी कोळणीला सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. बाळ पोटातच गेल्याचं तिच्या कानावर आलेलं नव्हतं, आणि हर्षदाच्या ते सांगायचं जिवावर आलं. दूध तर कालपासून आपणहून झरत होतं. तिने मुशी घेतली आणि स्वतःच विळीवर बसली.

मुशी म्हणजे छोटा शार्कच, पण ही नेहमीची नव्हती. खोल समुद्रातली, काळी, हातभर लांब. पाठीवर काटे आणि तिथल्या काळोखात बघायला मोठे हिरवे डोळे. पोट चिरलं तर आत अंडी नव्हती, पिल्लं होती. पुरी घडलेली, पण मेलेली. जन्मापर्यंत पुरणारी बलकाची पिवळी पिशवी प्रत्येकाच्या पोटाशी अजून भरलेली होती. सगळ्यांचे डोळे टक्क उघडे.

हर्षदाला बाळ दाखवलंच नव्हतं. दवाखान्यातून सासूबाईंनीच ते कापडात गुंडाळून नेलं. कसं होतं, असं तिने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "झोपल्यासारखं होतं गं. डोळे मिटून."

"अगं, तू कशाला बसलीस? दे इकडे," म्हणत सासूबाई मागून आल्या, आणि परातीत बघून जागीच थबकल्या. मग त्यांनी घाईघाईने केळीचं पान पिल्लांवर पालथं घातलं.

"बघू नकोस," त्या म्हणाल्या. पानावरचा हात मात्र त्यांना उचलवेना.

"असंच बघत होतं गं माझ्याकडे."