स्पीकरमधली घूं

बाबांच्या स्टिरिओच्या स्पीकरमधून गेली अकरा वर्षं बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. निवृत्तीनंतर त्यांची एकच इच्छा उरली होती, एकदा तरी घूंशिवाय गाणं ऐकायचं. त्यामुळे ते गाणं लावायला बसले की घरात आधी फ्रिज बंद व्हायचा, मग पंखा, मग आई. तरी दुसऱ्या ओळीलाच बाबा हात वर करायचे, "थांबा, आली!" आणि उठून वायरी तपासायला लागायचे.

शेवटी काल मेकॅनिकने विटेपेक्षा जड असा एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणून बसवला.

"काका, आता भिंतीतली वीज थेट अँप्लिफायरपर्यंत येणार नाही. हा मध्ये बसला की एकाची कटकट दुसऱ्याकडे जात नाही."

"असलं काही मिळतं हे माहीत असतं, तर सासूबाई होत्या तेव्हाच आणून ठेवला असता एक," आई म्हणाली.

बाबांनी गाणं लावलं. घूं नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात एक गाणं शेवटपर्यंत वाजलं. मग दुसरं वाजलं. तिसरं बाबांनी मध्येच बंद केलं आणि खुर्चीत नुसते बसून राहिले.

"काय हो, परत आली का?" आईने दमलेल्या आवाजात विचारलं.

 

 

"नाही गं, आवाज एकदम स्वच्छ आहे. मला गाणीच आवडत नाहीत."