विसावा मजला

"यातली तुझी खिडकी कोणती रे?" म्हाताऱ्याने मान मागे टाकून मुलाला विचारलं.

समुद्रासमोर काचेची उंचच उंच इमारत उभी होती. मुलाने बोट वर केलं. "विसावा मजला. डावीकडून चौथी."

दोन वर्षं तो फोनवर हेच सांगत आला होता. विसाव्या मजल्यावर ऑफिस, समोर समुद्र. म्हातारा आज सकाळीच गावाहून आला होता आणि सामान टाकायला मुलाच्या खोलीवर जाऊन आला होता. याच इमारतीच्या मागच्या गल्लीत सहा जणांत एक खोली, नळाला रांग. समुद्र नुसता ऐकू येतो, दिसत नाही. तेव्हाच त्याला शंका आली होती.

शेजारून एका बाईंचा कुत्रा ऐटीत गेला. चारही पायांत बूट.

"माझ्यापेक्षा याचे बरे आहेत," म्हातारा म्हणाला. मुलगा हसला.

"चल, आता तुझी खुर्ची दाखव."

"आत नाही सोडत बाबा. त्यात आज सुट्टी माझी."

म्हातारा पुन्हा वर बघू लागला. दोन माणसं दोराला टांगलेल्या फळ्यांवर बसून काचा पुसत होती. म्हाताऱ्याचा सगळा जन्म विहिरी खोदण्यात गेला होता. त्याची नजर काचांवर कशाला थांबेल? ती दोरावर गेली.

"यांचा दोर वर कोण धरतं? माझा तर सख्खा भाऊ धरायचा."

"धरत नाही कोणी. गच्चीवर लोखंडाला बांधलेला असतो. आणि एक नाही, दोन असतात. एक कामाचा, एक जिवाचा. कामाचा तुटलाच, तर जिवाचा जागच्या जागी पकडतो. उतरायच्या आधी दोन्ही ओढून बघायचे, कडेला घासू नयेत म्हणून खाली गोणपाट..."

मुलगा बोलता बोलता थांबला आणि खाली बघायला लागला.

पोराचं मनगट धरावं आणि पहिल्या गाडीने घरी न्यावं, असं म्हाताऱ्याला वाटलं. पण कुठल्या तोंडाने? लग्नानंतर दोन वर्षं त्याने स्वतः बायकोला सांगितलं होतं, की आपण विहिरीत उतरत नाही, वर उभे राहून नुसता दोर धरतो.

"गाठ कोण मारतं?" त्याने एवढंच विचारलं.

"माझी मीच मारतो."

"दुसऱ्याला मारू द्यायची नाही. कितीही जवळचा असला तरी."

"नाही देत, बाबा."

तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन वाजला. मुलाची आई, सकाळपासून तिसऱ्यांदा. मुलाचा चेहरा उतरला.

"हो, आत्ता तिथेच उभा आहे," म्हातारा फोनवर म्हणाला. "विसावाच मजला आहे, अगदी समुद्रासमोर. सगळीकडे काचच काच. आणि वारा तर विचारू नकोस."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं. फळ्या वाऱ्याने जराशा हलत होत्या.

"छे गं, दमतोय कसला," तो म्हणाला. "बसूनच काम आहे त्याचं."